झाड निरोगी असल्याचा दाखला

महारुद्रअप्पांच्या हाताखालून नोकरीभर लाखभर अर्ज गेले असतील. पण रजेचे अर्ज वगळले तर स्वतःच्या हौसेनं भरलेला अर्ज आयुष्यात एकच, आणि तोच त्यांना भोवला.

अर्ज होता परभणीच्या 'फुलोरा हौशी बागायत मंडळा'च्या वार्षिक प्रदर्शनाचा. जूनच्या शेवटच्या रविवारी अप्पा पाटावर बसले, समोर दुसरा पाट ठेवला आणि आवक-जावक कारकुनाच्या गोल, दाणेदार अक्षरात एक ते सहा रकाने भरून काढले. सातव्याशी पेन थांबला. 'झाड निरोगी असल्याचा सक्षम व्यक्तीचा दाखला जोडला आहे काय?'

आता हे झाड काय होतं ते इथंच सांगून टाकलं पाहिजे, म्हणजे अप्पांचा पेन का थांबला ते कळेल. साध्या निवडुंगाला वाढायला एक टोक असतं. त्या टोकातून तो खांबासारखा सरळ वर जातो. लाखात एखाद्या झाडाचं हे टोक बिघडतं आणि टोकाची रेघ होते. मग झाड वर जायचं सोडून आडवं पसरतं. त्याला घड्या पडतात, चुण्या पडतात, कोंबड्याचा तुरा आणि जपानी पंखा यांच्या मधलं काहीतरी तयार होतं. हौशी माणसं अशा झाडासाठी जीव टाकतात. अप्पांनी बोटाएवढा तुकडा मागवून तीन वर्षांत तो दीड वीत रुंद केला होता. वाळू, विटांचा चुरा, कोळसा असं चाळून घेतलेलं मिश्रण; पंधरा दिवसांतून एकदा चमच्यानं मोजून पाणी; दुपारी बारानंतर जुन्या धोतराची सावली. त्याला ते 'पंखा' म्हणत. महेश्वरीवहिनी 'तुमचं ते' म्हणत.

म्हणजे या झाडाची सगळी किंमत ते बिघडलेलं होतं यातच होती, आणि मंडळाला ते धडधाकट असल्याचा कागद हवा होता.

दुसरा कोणी असता तर त्यानं अर्ज फाडून टाकला असता. पण अप्पा ऑगस्टअखेर निवृत्त होणार होते. तेहतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून जे कागद गेले त्यांवर बढत्या होत्या, गौरव होते, अभिनंदनाचे ठराव होते. सगळे दुसऱ्यांचे. अप्पांचा त्यावर फक्त शिक्का. खुर्चीवरून उठण्याआधी एक तरी छापील कागद असा यावा की ज्यावर ठळक अक्षरात 'श्री. महारुद्र चन्नप्पा हालगे' लिहिलेलं असेल आणि खाली शिक्का दुसऱ्या कोणीतरी मारलेला असेल, एवढी त्यांची इच्छा होती. बायकोला ते म्हणाले, "सहज भाग घ्यायलोय." माणूस पाटावर बसून, आंघोळ करून सहज भाग घेत नाही हे वहिनींनी ओळखलं आणि चहा टाकला.

मंडळाचे सचिव दिनकरराव हे तहसीलमधून निवृत्त झालेले अव्वल कारकून. एका कारकुनाला दुसऱ्या कारकुनाचा कागद अडवताना जी तब्येत लागते ती साहेबाचा कागद अडवतानाही लागत नाही. दिनकररावांनी चष्मा पुसला, अर्ज उलटा केला, सुलटा केला.

"अप्पा, सातवा रकाना रिकामा सोडलाव."

"या झाडाला तो लागू नाही."

"मग लागू नाही असं लिहून द्या."

"देतो की."

"पण तसं चालत न्हाई."

अप्पांनी वाद घातला नाही. हे वाक्य ते स्वतः इतक्या वेळा बोलले होते की त्याला उत्तर नसतं हे त्यांना ठाऊक होतं.

"गेल्या साली एका बहाद्दरानं गुलाबासंगं माव्याची कीड आणली," दिनकरराव म्हणाले. "अख्ख्या मंडपातली शेवंती चिकट झाली. तवापासून नियम. बघू, झाड दाखवा."

अप्पांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. दिनकररावांनी तो बोटांनी मोठा केला आणि त्यांचा चेहरा लहान झाला.

"काय झालंय ह्याला?"

"काही झालं नाही. ते असंच असतं."

"म्हंजे जन्मापासून?"

"हो."

"अरेरे," दिनकरराव म्हणाले.

हे 'अरेरे' अप्पांच्या आधी कॉलनीत पोचलं. दिनकररावांनी ते घरी सांगितलं, त्यांच्या बायकोनं ते भिशीत सांगितलं आणि भिशीत अप्पांच्या समोर राहणाऱ्या सगुणाबाई होत्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की अप्पांच्या झाडाचं काही खरं नाही, डॉक्टरचा दाखला मागितलाय.

आणि लोक बघायला यायला लागले.

आजाऱ्याला बघायला जाण्याची आपल्याकडची रीत पक्की आहे. रिकाम्या हातानं जायचं नाही, आजाऱ्यासमोर दुसऱ्या आजाऱ्याची गोष्ट सांगायची, आणि उठताना औषध सांगूनच उठायचं. सगुणाबाई ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या. सवयीनं तो त्यांनी कुंडीच्या काठावर ठेवला, मग चूक लक्षात येऊन अव्वांच्या हातात दिला. अव्वा म्हणजे चन्नबसम्मा, अप्पांच्या आई. वय ऐंशीच्या पुढे, नजर शाबूत, मत त्याहून शाबूत.

"माझ्या माहेरी पोखर्णीला असाच एक लिंब होता, वाकडातिकडा," सगुणाबाई म्हणाल्या. "आईनं हिंग घालून ताक ओतलं बुडाला. वरीसभरात सरळ."

"लिंबाचं वेगळं, वहिनी. हा निवडुंग आहे," अप्पा म्हणाले.

"ताक काय जात बघून लागू पडतंय व्हय?"

महेश्वरीवहिनींनी एका आठवड्यात साखरेचा डबा दोनदा भरला. त्या आठवड्यात पंख्याला कुंकू लागलं, मीठ-मिरच्या उतरून पडल्या, आणि अप्पा ऑफिसात असताना हिंगाचं ताकही पडलं. अप्पांनी वरची वाळू बदलली. पण तीन दिवस व्हरांड्यात कढीचा वास राहिला.

शेजारचे भगवानराव ताक-मिरच्या मानणारे नव्हते. ते शाळेतले कसरतीचे शिक्षक. तीस वर्षं पोरांचे कणे सरळ करण्यात गेली होती. एका दुपारी त्यांनी लाकडी फूटपट्ट्या दोन बाजूंना लावून पंख्याला लचक भरल्यावर बांधतात ते बँडेज गुंडाळलं. बांधता बांधता त्यांच्या उजव्या हाताच्या चार बोटांत काटे गेले. अप्पा घरी आले तेव्हा झाडाला बँडेज आणि शिक्षकाला रक्त, असा देखावा होता. भगवानरावांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणं, धनुर्वाताचं इंजेक्शन देववणं आणि वर "तुमच्या झाडापायी" हे ऐकून घेणं, एवढं सगळं अप्पांनी केलं. मग पुढचा सबंध रविवार भुवया कोरायच्या चिमट्यानं पंख्याच्या काट्यांतले बँडेजचे दोरे वेचण्यात गेला. चिमटा वहिनींचा होता. तो परत मिळाला नाही याचा उल्लेख वहिनींनी पुढं तीन वेगवेगळ्या भांडणांत केला.

तिकडं दाखल्याचं काम चालूच होतं. गावात एका खासगी कृषी सल्ला केंद्रात झाडांच्या रोगांचं शिक्षण घेतलेल्या धम्मशीला मॅडम बसत. कुंडी मांडीवर घेऊन अप्पा रिक्षानं गेले. मॅडम शिवारात. दुसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा, पुन्हा कुंडी, प्रत्येक खड्ड्याला एक काटा. या वेळी मॅडम होत्या. त्यांनी भिंग लावलं, एक एक घडी पाहिली, आणि मान वर करून म्हणाल्या,

"काका, किती सुंदर विकृती आहे हो ही!"

अप्पांना भरून आलं. तीन वर्षांत त्या झाडाबद्दल कोणी बरा शब्द काढला होता तो हा पहिला.

"मग निरोगी असल्याचा दाखला देता?"

"निरोगी कसं लिहू? वाढीचं टोक फाकलंय, ही विकृतीच आहे. रोग मात्र नाही."

"म्हणजे निरोगीच की."

"तसं नसतं, काका," मॅडम समजुतीनं म्हणाल्या आणि त्यांनी लिहून दिलं, 'सदर निवडुंग विकृत असून त्यास कोणताही रोग नाही.'

दिनकररावांनी तो कागद उजेडात धरला.

"विकृत असून. बरं. मग निरोगी कुठंय?"

"रोग नाही म्हणजे निरोगीच ना?"

"ते तुमी म्हणायलाव. कागद म्हणत न्हाई."

अप्पांची कानशिलं तापली. पिकल्या मिशांचा शेतकरी, हातात टोपी, समोर उभा आणि आपण खुर्चीत बसून हेच, अगदी याच चालीवर बोलतोय, असं एक चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी ते तातडीनं घालवलं. माणसानं एका वेळी एकाच गोष्टीचा त्रास करून घ्यावा.

अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि मॅडम त्या दिवशी ताडकळसला सोयाबीन बघायला गेल्या होत्या. अप्पांनी नोकरीतली शिल्लक राहिलेली एक किरकोळ रजा काढली आणि बस पकडली. ताडकळसला उतरल्यावर कळलं, मॅडम पलीकडच्या शिवारात. तिथं गेले तर त्याच्या पलीकडच्या. जुलै महिना, काळी जमीन, वर आदल्या दिवशी पडलेला पाऊस. अप्पांची डावी चप्पल एका वावरात राहिली ती अजून तिथंच आहे. अखेर बांधावर मॅडम सापडल्या. एका पायात चप्पल आणि दुसऱ्याला शेरभर चिखल घेऊन उभ्या असलेल्या या माणसाकडं बघून त्यांना दया आली असावी. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'सदर झाड हे निरोगी अवस्थेतील विकृत झाड आहे.'

दिनकररावांनी पाच वाजायला दहा मिनिटं असताना त्या ओळीत 'निरोगी' हा शब्द शोधला, सापडल्यावर त्याखाली लाल रेघ ओढली आणि अर्ज दाखल करून घेतला. बाकीच्या वाक्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

अप्पा एका चपलेवर घरी आले ते जिंकून आले. फाटक उघडलं आणि त्यांना पहिल्यांदा वास आला. मग दिसलं.

पंखा त्याच्या कुंडीत नव्हता. दुप्पट मोठ्या कुंडीत, कमरेइतका, वाफाळलेल्या शेणखतात तो बसवलेला होता. कॉलनीच्या मागं म्हशींचा गोठा होता, तिथून अव्वांनी घमेलंभर आणवलं होतं. वर त्यांच्या इष्टलिंगाच्या पूजेचं पाणी, दूध मिसळलेलं, पायदळी जाऊ नये म्हणून जे रोज ओसरीच्या तुळशीला जायचं, ते सगळं इथं ओतलं होतं. अव्वा बाजूला पाट टाकून बसल्या होत्या.

"अव्वा! काय केलंस हे?"

"काय केलं? त्या वाळूइटात लेकरू उपाशी मरायलंय. पंधरा दिसाला चमचाभर पाणी! सावत्र आई बी इतकं करत न्हाई."

"अव्वा, निवडुंग हाय तो!"

"मग? निवडुंगाला पोट नसतंय?"

"त्याला खत चालत नाही! पाणी चालत नाही! लाड चालत नाहीत!" रागात अप्पांचा आवाज चिरका होतो. तो आता चिरका झाला.

"वरडू नगंस," अव्वा शांतपणे म्हणाल्या. "तू बी असाच होतास. अडीच वरसाचा झालास तरी उभा ऱ्हायना. पसरून बसायचास, बेडकावानी. तुला कमरेइतका ऊन ऊन उकिरड्यात बसवला. चौथ्या दिशी भित्तीला धरून उभा! तवा न्हाई वरडलास."

कुंपणाच्या भिंतीपलीकडं कोणीतरी खोकलं. भगवानराव फुलझाडांना पाणी घालत होते. त्यांच्याकडं फुलझाडं नव्हती.

सोमवारी ऑफिसात चार जणांनी अप्पांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि चौघंही खाली, गुडघ्यांकडं बघत होते.

शेणखत दिसलं त्याच संध्याकाळी अप्पांनी पंखा उपटला, मुळं झटकली, सावलीत चार दिवस सुकवली, गंधक लावलं आणि पुन्हा वाळू-विटांत बसवला. वाचला, असं त्यांना वाटलं. पंधरा दिवसांनी पंख्याच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवी गाठ आली. आणखी आठ दिवसांनी ती गाठ नव्हती. तो कोंब होता. गोल, गुटगुटीत, पाच धारांचा, आणि सरळ. फूटपट्टीसारखा सरळ. रेल्वेच्या कुंपणाला, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, कुठंही दिसतो तसला, फुकट दिला तर कोणी नेणार नाही असा साधा निवडुंग त्या पंख्यातून डोकं वर काढत होता.

गल्लीत आनंदीआनंद झाला.

"बरा झाला गं बाई," म्हणत सगुणाबाई पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मते हा ताकाचा गुण. भगवानराव चार बोटं दाखवत म्हणाले की फूटपट्ट्या दोनच दिवस राहिल्या तरी कण्याला वळण लागलं ते लागलं. अव्वांनी गोठ्याच्या दिशेनं बघून नुसते हात जोडले. तिघांत जी वादावादी झाली त्यात झाडाच्या मालकाचं नाव एकदाही आलं नाही.

अप्पांनी मॅडमना फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता कापा, काका," मॅडम म्हणाल्या. "साधा कोंब जोमानं वाढतो. सगळं रस-पाणी तोच ओढतो. तो राहिला तर पंखा सुकणार."

अप्पांनी नवं ब्लेड आणलं, स्पिरिट आणलं, कापूस आणला. अव्वांनी पाट कुंडीजवळ सरकवला.

"कशाला आणलंय ते?"

"कोंब कापायचाय."

अव्वांनी त्यांच्याकडं असं बघितलं की अठ्ठावन्न वर्षांचे अप्पा सहा वर्षांचे झाले. "निरोगी अंग कापायचं आन् रोगी ठिवायचं? हे कोण्या शास्त्रात हाय?"

"अव्वा, रोगी नाही ते. तेच तर खरं झाड हाय."

"आन् हे? हे खोटं?" अव्वांनी कोंबाभोवती दोन्ही तळवे धरले, काट्यांना न लागता, दिवा झाकावा तसे. "इतक्या दिसांनी लेकरू उभं ऱ्हायलं. हात लावलास तर मी अन्न सोडीन. लिंगाची आण."

अव्वा अन्न सोडीन म्हणत तेव्हा सोडत. हे घरात एकदा झालं होतं, कशावरून ते कोणाला आठवत नव्हतं, पण अडीच दिवस सगळ्यांना आठवत होते.

एका दुपारी अव्वांचा डोळा लागलेला बघून अप्पा चवड्यांवर गेले. ब्लेड कोंबापासून बोटभर अंतरावर असताना भिंतीवरून भगवानरावांचा कवायतीचा आवाज आला, "अप्पाऽऽ! काय करायलाव!" गल्लीतली सहा दारं उघडली. सगुणाबाई तर केस पुसता पुसता आल्या. सगळ्यांनी मिळून अप्पांना समजावलं. एखाद्याला दारूपासून परावृत्त करावं तसं समजावलं. वहिनी दारात उभ्या होत्या.

"अहो, मुकाट आत या. लोकांना वाटायलंय तुम्ही खून करायलात."

"खूनच होणार हाय, दोघांतून एकाचा," अप्पा म्हणाले. "माझा नाहीतर पंख्याचा."

ऑगस्टच्या चौथ्या रविवारी प्रदर्शन होतं. तोवर कोंब वीतभर झाला आणि पंख्याच्या उजव्या टोकाच्या दोन घड्या पिवळ्या पडल्या. मंडपात वर्ग होते गुलाबाचे, शेवंतीचे, बोन्सायचे, 'शोभिवंत पानांचे'. निवडुंगाचा वर्गच नव्हता. दिनकररावांनी पंख्याला 'इतर' या टेबलावर, भल्या मोठ्या दुधी भोपळ्याच्या शेजारी जागा दिली. अव्वा खुर्ची टाकून टेबलाजवळच बसल्या. रेशमी लुगडं नेसून आल्या होत्या त्या.

तीन परीक्षक फिरले. त्यांतले मुख्य कुठल्याशा खात्याचे निवृत्त साहेब होते. त्यांना झाडांतलं फारसं कळत नव्हतं, पण जोडलेले कागद वाचायची सवय गेली नव्हती. त्यांनी मॅडमचा दाखला वाचला. 'निरोगी अवस्थेतील विकृत झाड.' मग त्यांनी झाडाकडं बघितलं. खाली वाकडा पंखा, वर सरळ कोंब. त्यांना एकदम सगळा उलगडा झाला.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"माझ्या लेकानं," अव्वांनी उठून सांगितलं. इतके दिवस शेणखताचं श्रेय सांभाळलेल्या बाईनं ते भर मंडपात मुलाला देऊन टाकलं.

दुपारी नाव पुकारलं गेलं. विशेष संगोपन, प्रथम क्रमांक, श्री. महारुद्र चन्नप्पा हालगे. लाउडस्पीकरवरून. दोनदा.

अप्पा मंचावर कसे गेले ते त्यांना आठवत नाही. त्यांच्या हातात जाड, पिवळसर, सोनेरी काठाचा कागद आला. नाव ठळक होतं. शिक्का दुसऱ्यानं मारलेला होता. त्याखाली दिनकररावांच्या अक्षरात होतं, 'जन्मजात विकृत झाडास उपचार करून सरळ व निरोगी वाढीस लावल्याबद्दल.' अप्पांनी ती ओळ एकदा वाचली, मग परत वाचली. समोरच्या रांगेत धम्मशीला मॅडमनी कपाळाला हात लावला होता.

"सरळ झालेला भाग लोकांना दाखवा," साहेब म्हणाले. "फोटो घ्यायचाय. आणि दोन शब्द बोला. कसं काय सरळ केलंत?"

कुंडी मंचावर आली होती. अप्पांना जवळून दिसलं, तिसरी घडीही पिवळी पडायला लागली होती. गप्प बसले असते तर सगळं होतं. नाव होतं, टाळ्या होत्या, पुढल्या दिवशी पेपरात फोटो होता, सोमवारी ऑफिसात गुडघ्यांकडं न बघता हात मिळवणारी माणसं होती. माइक समोर होता.

"हे झाड वाकडं नव्हतंच," अप्पा म्हणाले. आवाज चिरका लागला, पण लागला. "ते पंखा होतं. सरळ झालं म्हणजे बरं झालं नाही साहेब, बिघडलं. मी काही उपचार केला नाही. मी तीन वर्षं फक्त त्याच्या वाटेला गेलो नाही."

अप्पांनी शर्टाच्या खिशातून कागदात, कापसासकट गुंडाळलेलं ब्लेड काढलं. दोन-तीन आठवडे ते तिथंच होतं. कोंब धरायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून प्रमाणपत्राची घडी करून त्यांनी तिनं कोंब धरला आणि बुडाशी एका दमात कापला.

"अय्यो," सगुणाबाई म्हणाल्या. दुधी भोपळ्याचा मालकही म्हणाला.

पंख्यावर थेंबभर पाणी आलं. अप्पांनी ते कापसानं टिपलं, मंचावरून उतरले आणि प्रमाणपत्रात धरलेला कोंब अव्वांच्या समोर केला. अव्वांनी तो पदरात घेतला. त्या उठल्या आणि रिक्षाकडं चालायला लागल्या.

मागून दिनकरराव पळत आले.

"अप्पा, प्रमाणपत्र परत द्या! झाड सरळ राहिलं न्हाई, बक्षीस रद्द."

"घ्या," अप्पा म्हणाले.

दिनकररावांनी हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. कागदावर घडी पडली होती, काट्यांची बारीक भोकं पडली होती. पण त्यांना अडवलं ते त्यानं नाही. "जावक नंबर पडलाय हो ह्याला. रजिस्टरला चढलाय. आता रद्द करायचं तर सभेचा ठराव लागल. सभा पुढल्या साली."

"मग काय करायचं?"

"न्या घरी. पण तुमाला बक्षीस मिळालेलं न्हाई असं समजा."

अव्वांनी अन्न सोडलं नाही. बोलणं सोडलं. सगळा कारभार वहिनींमार्फत चालू झाला.

"महेश्वरी, त्याला म्हणावं, येक कुंडी दे."

"अहो, कुंडी मागायल्यात."

"तिला सांग, कोंब आठ दिवस सावलीत सुकू दे, लगेच लावला तर सडेल."

"आई, आठ दिवस थांबा म्हणायलेत."

अव्वा थांबल्या. आठव्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या हातानं चाळलेलं वाळू-विटांचं मिश्रण कुंडीत भरून दाराशी ठेवलं. शेणाचा कण नसलेली ती कुंडी अव्वांनी बघितली, नाक मुरडलं, पण कोंब त्यातच लावला. दोन्ही कुंड्या व्हरांड्यात शेजारी शेजारी आल्या. पंख्याची कापलेली जागा कोरडी पडली होती आणि उजव्या टोकाला, पिवळ्या घड्यांच्या अलीकडं, नखाएवढी नवी हिरवी चुणी धरली होती. अप्पा ती दिवसातून चार वेळा बघत आणि कोणाला सांगत नसत.

त्याच संध्याकाळी अव्वा आतून एक काचेची चौकट घेऊन आल्या. भगवानरावांकरवी त्यांनी प्रमाणपत्र बसवून आणलं होतं, घडी आणि भोकांसकट. ती त्यांनी सरळ कोंबाच्या वर, भिंतीला टेकवून धरली.

"महेश्वरी, त्याला म्हणावं, हितं खिळा मार."

अप्पा उठून उभे राहिले. "तिला सांग, ते माझं प्रमाणपत्र हाय. माझ्या झाडाला मिळालेलं. लावायचं तर पंख्यावर लावीन."

अव्वांनी चौकट वहिनींच्या तोंडापुढं धरली. "वाच गं."

वहिनींनी वाचलं, "सरळ व निरोगी वाढीस लावल्याबद्दल."

अव्वांनी एका कुंडीकडं बोट केलं, मग दुसरीकडं, आणि वहिनींकडं बघत राहिल्या.

अप्पांनी चौकट हातात घेतली. ओळ पुन्हा वाचली. तेहतीस वर्षं ते कागदात जे लिहिलं असेल तेच धरून चालले होते, आणि कागदात पंख्याबद्दल चांगला म्हणावा असा एक शब्द नव्हता. होता तो 'जन्मजात विकृत' एवढाच. बाकी सगळं त्या फुकटही न खपणाऱ्या, साध्या, सरळ निवडुंगाचं होतं. त्यांच्या स्वतःच्या नावासकट.

ते आत गेले आणि हातोडी घेऊन आले.

"डावीकडं घे जरा," अव्वा म्हणाल्या. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्या सरळ त्यांच्याशी बोलल्या होत्या. "अजून. ह्येच्या बरोबर डोक्यावर आलं पायजे."

अप्पांनी खिळा डावीकडं घेतला.